टेकडीची वही

संपादक महोदय,

नदीकाठच्या वृक्षतोडीच्या बातम्यांत झाडांचा आकडा असतो, नावे मात्र क्वचितच. पुण्यातल्या मुठा नदीच्या पात्रातला वाळुंज वृक्ष पुरात वाकतो, पाणी ओसरले की पुन्हा उभा राहतो आणि मुळांनी काठची माती धरून ठेवतो. हे वाचलेल्या माणसाचे नुसत्या आकड्याने समाधान होत नाही.

वेताळ टेकडीवर मी गेली पंधरा वर्षे सकाळी जातो. तिथल्या गिरिपुष्पाच्या गुलाबी बहराचे फोटो सगळेच काढतात, मीही काढायचो. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले, आपल्याकडे वनीकरणासाठी लावलेले. त्याच्या दाटीखाली टेकडीचे मूळचे गवत टिकत नाही. मग गवतात जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलाने जायचे कुठे? हिरवे दिसते म्हणजे सगळे ठीक, हा माझा समज कुठल्या अहवालाने नव्हे, एका साध्या मराठी लेखाने मोडला.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची नावे टिपली, म्हणून ती मराठीत राहिली. पुण्याच्या टेकड्यांवर आणि नदीवर असे सातत्याने लिहिले गेले पाहिजे. आपण त्यासाठी आठवड्याला एक स्तंभ द्यावा, ही कळकळीची विनंती. त्यात शाळकरी मुलांच्या नोंदीही घ्याव्यात : पांगारा कधी फुलला, पावशाचे ‘पेर्ते व्हा’ यंदा कोणत्या दिवशी ऐकू आले. उद्या टेकडीवरच्या एखाद्या रस्त्यासाठी हरकती मागवल्या, तर पुणेकरांना नोंदींची हीच वही पुढे ठेवता येईल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे