जळक्या तेलाचा हिशेब पंपावर नको

महोदय,

तळणीच्या जळक्या तेलापासून बायोडिझेल करण्याचा विषय निघाला की हिशेब हमखास पंपावरच्या भावाशी मांडला जातो. डिझेल नव्वदीच्या घरात, बायोडिझेल सत्तरला पडले तरी वीस रुपये सुटले! पण पंपावरच्या भावात उत्पादन शुल्क, व्हॅट आणि पंपचालकाचे कमिशन असते. तेल कंपनी डिझेलमध्ये मिसळायला बायोडिझेल घेते तेव्हा तुलना करांआधीच्या डिझेलशी व्हायला हवी. २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये देऊ केले होते, हे लक्षात ठेवावे.

आता खर्च. एक लिटर बायोडिझेल म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम. घट धरून त्याला साधारण ९५० ग्रॅम तेल लागते. तेल किलोला ५० रुपये धरले, तरी ४७-४८ रुपये तिथेच गेले. तेलाची मिथेनॉल या अल्कोहोलशी अभिक्रिया झाली की बायोडिझेल आणि ग्लिसरीन तयार होते. १०० किलो तेलामागे मिथेनॉल खर्च होते ११ किलो, पण अभिक्रिया पूर्ण व्हायला २० ते २२ किलो घालावे लागते. जास्तीचे ऊर्ध्वपातनाने परत मिळवले नाही तर पैसे हवेत जातात, आणि मालात राहिले तर फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला इंधनाची वाफ पेट घेऊ शकते ते) कोसळून माल नापास होतो. उरलेले ग्लिसरीन साबण आणि मिथेनॉलने बरबटलेले असते. त्याच्या भावावर फार भिस्त ठेवू नये.

खरी मेख आम्लतेत आहे. वडे-भजी तळताना पिठातले पाणी गरम तेलाला फोडते आणि मुक्त मेदाम्ले सुटतात. ती ५ टक्के असली, तर १०० किलो तेलामागे अभिक्रियेला चालना देण्यासाठी घातलेल्या कॉस्टिक सोड्यातला ७०० ग्रॅम त्यांच्यातच संपतो आणि पाच किलोहून जास्त साबण तयार होतो. मग धुण्याच्या टाकीत दह्यासारखा पांढरट थर धरतो, ग्लिसरीन नीट खाली बसत नाही आणि साबण चांगला मालही ओढून नेतो. म्हणून २ टक्क्यांवरच्या तेलाला आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलची वेगळी फेरी द्यावी लागते. जादा वेळ, जादा वाफ, गंजाला टिकणारी टाकी.

त्यात मुंबईचे गोळा करणे. टेम्पो, चालक, मदतनीस मिळून दिवसाला ३,००० रुपये धरा. ५०० किलो मिळाले तर किलोमागे ६ रुपये. लोकल स्टेशनांबाहेरच्या गाड्यांवरून दोन-दोन लिटर वेचत १५० किलोच जमले तर २० रुपये! ध्रुवीय घटक (पुन्हा पुन्हा तापल्याने तेलात तयार होणारे खराब पदार्थ) २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरायचे नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पण तेलाची नोंदवही ठेवण्याची सक्ती दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनाच. वडापावची गाडी त्यातून सहज सुटते. तिचे उरलेले तेल कमी दर्जाच्या तळणीसाठी घेणारा गिऱ्हाईक आम्लता मोजत बसत नाही आणि रोख देतो. बायोडिझेलवाल्याची स्पर्धा त्याच्याशी आहे.

तेव्हा अनुदान द्यायचेच असेल तर ते कारखान्याला नको, गोळा करण्याला द्यावे. पालिकेने मंडईनिहाय पिंपे ठेवावीत, तिथेच तेल गाळून टायट्रेशन (आम्लता मोजण्याची चाचणी) करावे आणि दोन भाव लावावेत: २ टक्क्यांच्या आत एक, वर दुसरा. पिंपे मात्र झाकणाची आणि शेडखाली हवीत. जुलैत उघड्या पिंपात शिरलेले पाणी पुढे कारखान्यात तापवून काढावे लागते, आणि ती वाफ फुकट येत नाही.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई