चित्रातला पंप थांबला, खरा चालूच होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात हल्ली स्मार्ट फॅक्टरी, ऑटोमेशन असलं बरंच वाचायला मिळतं, छानच आहे, पण कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ते पंप-मोटारीचं चित्र फिरतं ते नेमकं कशावर फिरतं हे कुणी सांगत नाही, म्हणून मीच लिहायला बसलो. मी भोसरीत मेंटेनन्सला आहे.

ड्राइव्ह म्हणजे मोटार चालवणारा, तिचा स्पीड सांभाळणारा कंट्रोलर, तो आपली सगळी हालहवाल एका आकड्यात पाठवतो, त्याला स्टेटस वर्ड म्हणतात. 16 बिटांचा असतो. घरातल्या बोर्डावर 16 बटणं आहेत असं समजा, एकेक बटण म्हणजे एक बिट, नंबर 0 पासून, प्रत्येकाची किंमत 1, 2, 4, 8 अशी दुप्पट होत जाते आणि जी चालू आहेत त्यांची बेरीज आपल्याला दिसते. आमच्या पंपाचा ड्राइव्ह सीआयए 402 प्रोफाइलचा, म्हणजे कुठल्या बिटाचा अर्थ काय हे ठरवून देणाऱ्या स्टँडर्डचा, तो नीट चालू असला की आकडा येतो 1591. आता स्क्रीन बनवणाऱ्या पोराने काय केलं, टेस्टिंगला पंप चालवला, 1591 दिसलं, आणि अ‍ॅनिमेशनला कंडिशन टाकून दिली की 1591 असेल तर पाती हिरवी करून फिरव, नाहीतर राखाडी. झालं काम, बिल पास.

मग एका रात्री पॅनलचा फिल्टर चोंदला, ड्राइव्ह तापला, त्याने बिट 7 वर केला, म्हणजे नुसती वॉर्निंग, पंप मस्त चालू. पण 128 वाढले ना, 1591 चे 1719 झाले आणि चित्र राखाडी होऊन थांबलं. ऑपरेटरला वाटलं पंप ट्रिप झाला, त्याने स्टँडबाय पंप चालू केला, दोन्ही एकाच हेडरवर म्हणजे एकाच मुख्य पाइपवर, प्रेशर चढलं आणि पाइपच्या जोडावरची, फ्लँजची गास्केट गेली. मला फोन, "साहेब, पंप बंद दाखवतोय पण आवाज येतोय." जाऊन बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, पंप चालूच.

हे मास्क लावला असता तर झालंच नसतं. वस्तुनिष्ठ पेपर तपासताना मास्तर भोकं पाडलेला पुठ्ठा ठेवतात, हवी तेवढीच उत्तरं दिसतात बाकी झाकलेली, मास्क म्हणजे तेच. 1591 असो की 1719, 111 चा मास्क घेऊन अँड केलं, म्हणजे दोन्हीकडे चालू असलेले बिट तेवढेच ठेवले, की उत्तर 39 च येतं, 39 म्हणजे ड्राइव्ह रनिंगमध्ये. तिथे कंडिशन 39 ची हवी. आणि स्पीड बदलताना तर टार्गेट रीच्डचा, म्हणजे सांगितलेला स्पीड गाठल्याचा बिट पडून 1591 चे 567 होतात, म्हणजे हे चित्र रोज मधेमधे अडखळायचं, आम्ही म्हणायचो नेटवर्क स्लो आहे!

फॉल्टच्या लाल दिव्याची तर वेगळीच गंमत. फॉल्ट बिट 3, म्हणून 8 चा मास्क, तो बरोबर लावलेला, पण अँड केल्यावर उत्तर 8 येतं आणि पठ्ठ्याने तपासलं 1 आहे का. तो दिवा कधी लागलाच नाही.

डिप्लोमाला अँड गेटचं टेबल सगळ्यांचं पाठ असतं, पण क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात मोटार फिरवून दाखवायची घाई, गेट आणि स्क्रीन यांची गाठ कुणी घालूनच देत नाही. आणि आपण घेणारे तरी काय, चित्र फिरलं की सही. सही करायच्या आधी सिम्युलेशनमध्ये एक-दोन जास्तीचे बिट वर करून बघा हो, 10 मिनिटांचं काम आहे, चूक तिथल्या तिथे उघडी पडेल.

आमची ती कंडिशन बदलायला 5 मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. पण प्रोजेक्टचा पासवर्ड स्क्रीनवाल्याकडे, तो म्हणतो व्हिजिटचे पैसे वेगळे. तोपर्यंत ऑपरेटरने स्क्रीनच्या कडेला चिकटपट्टी लावून पेनाने लिहून ठेवलंय, "पंप 2 चं चित्र खोटं आहे, आवाज ऐका."

आपला,
एक मेंटेनन्सवाला, भोसरी