हा बघा तुमचा आवाज

मेकॅनिकदादा,
स. न. वि. वि.

परवा गाडी घेऊन निघताना तुमचे धड आभारही मानले नाहीत. तुम्ही फडक्याला हात पुसत होता, मागे दुसरी गाडी उभी होती, आणि मी नुसतंच 'बरं, येतो' म्हणून निघालो. घरी पोहोचेपर्यंत मागचं डावं चाक मुकाट फिरत होतं. सात महिन्यांनी पहिल्यांदा. इतकं मुकाट, की मध्ये एकदा गाडी बाजूला घेऊन मी खाली उतरून बघितलं. चाक जागेवर होतं.

या सात महिन्यांत मी किती जणांच्या दारात तो आवाज घेऊन गेलो, ते तुम्हाला अर्धवटच सांगितलं होतं. खर्र... खर्र... चाकाच्या दर फेऱ्याला एकदा. वेग कमी असला की जास्त ऐकू यायचा, ब्रेक दाबला तरी तसाच. पहिल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ब्रेक पॅड बदलले. जुने पॅड अर्धे शिल्लक होते. दुसऱ्याने बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं, चाक हलवूनसुद्धा न बघता. तिसरा हसला. 'गाडी १४ वर्षांची झाली साहेब, आता ती बोलणारच. काचा वर घ्या, गाणी लावा.' चौथ्याला निदान रोग कळला होता, पण त्याने चाक न उघडताच फटीतून स्क्रूड्रायव्हर घातला आणि डिस्कमागचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीमागचा, पत्रा मागे रेटला. आठ दिवसांत आवाज परत. तोवर घरचेही म्हणायला लागले होते, 'तू एकदा कान तपासून घे.' खरं सांगतो, मलाही तसं वाटू लागलं होतं.

तुम्ही काय केलंत? इंजिन बंद करायला सांगितलंत, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि मला म्हणालात, 'मागून हळू ढकला.' कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर धडधडत होता, तो पोराला बंद करायला लावलात. मग उकिडवे बसून, चाकाला कान लावून, गाडीबरोबर बदकासारखे सरकत गेलात. पंधरा-वीस फूट. सगळं गॅरेज गप्प. सात महिन्यांत त्या आवाजासाठी कोणी दुसरा आवाज बंद केला नव्हता.

कामाचं सगळं मला सांगता यायचं नाही, आणि निम्मं कळलंही नाही. पण काही गोष्टी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर सोडल्यावर तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत न ठेवता तुम्ही तारेने स्प्रिंगला बांधलात. डिस्क गंजून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, घट्ट चिकटली होती. आधीच्या कोणीतरी तिच्यावर घण घातल्याच्या खुणा तुम्ही बोटाने चाचपल्यात आणि काही न बोलता डिस्कवरच्या दोन आट्यांच्या भोकांत दोन बोल्ट घालून आळीपाळीने आवळत गेलात. टण्ण करून डिस्क सुटली. ती भोकं त्याचसाठी असतात हे मला १४ वर्षांत माहीत नव्हतं. माझं सोडा, मी गाडी चालवणारा. घण घालणाऱ्याला माहीत असायला हवं होतं.

आत तो पत्रा. म्हणजे पत्रा म्हणायचं एवढंच. वाळक्या पानासारखा झाला होता, बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. पाठच्या बाजूचा चिखल-पाणी डिस्कवर उडू नये म्हणून लावलेला हा आडोसा स्वतः वर्षानुवर्षं त्याच चिखल-पाण्यात उभा. गंज चढला की लोखंड फुगतं, मग कड डिस्ककडे वळते आणि घासायला लागते, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. आणि मग पत्र्याचा एक बोल्ट दिसला, डोकं उडालेला. वरून कोणीतरी काळा रंग फासला होता, दिसू नये म्हणून. मी चार शिव्या घालायला तोंड उघडलं. तुम्ही म्हणालात, 'तुटतो कधीकधी, माझ्याही हातून तुटलेत. सांगायला हवं होतं, एवढंच.' आणि ड्रिल हातात घेतलंत.

पत्रा सबंध काढायचा तर हब उतरवावं लागणार होतं, आणि दाबून बसवलेलं बेअरिंग त्यात बहुधा जातंच. 'बेअरिंग चांगलं आहे. पत्र्यापायी त्याचा जीव कशाला घ्यायचा?' म्हणून तुम्ही जुना पत्रा कात्रीने तुकड्या-तुकड्याने काढलात, आणि नव्याला एका बाजूने चीर देऊन तो हबमागे सरकवलात. वर हेही सांगितलंत, की या गाडीचा हँडब्रेक कॅलिपरवर आहे म्हणून हे चालतं. हँडब्रेकचे लायनर त्या पत्र्याच्या प्लेटवर बसले असते तर कापाकापी केली नसती, हबच उतरवलं असतं. मी म्हणालो होतो, पत्रा नसला तर चालणार नाही का? अनेकांनी तोच सल्ला दिला होता. तुम्ही म्हणालात, 'चालेल. पण कंपनीला पत्रा फुकट येत नाही. काही कामाचा असेल म्हणूनच लावला ना?'

पण हे पत्र मी ज्या एका गोष्टीसाठी लिहितोय ती याच्यानंतरची. सगळं झाल्यावर तुम्ही भंगाराच्या डब्यात हात घातलात, तळहाताएवढा एक तुकडा शोधून काढलात, आणि माझं बोट धरून त्याच्या कडेवरून फिरवलंत. बाकी तुकडा तपकिरी, खडबडीत, हाताला भुकटी लागणारा. पण ती एक कड, करंगळीच्या पेराएवढी, घासून घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. गुळगुळीत. म्हणालात, 'हा बघा तुमचा आवाज. भास नव्हता.'

दादा, भास हा शब्द मी तुमच्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता. तो तुम्ही कुठून ओळखलात? बहुतेक माझ्यासारखे बरेच जण येत असतील तुमच्याकडे, चार ठिकाणी हसून परत पाठवलेले, आवाजाची नक्कल तोंडाने करताना स्वतःच ओशाळणारे. बोल्ट सोडवणारे पुष्कळ असतील. पण समोरचा सांगतोय ते खरं असेल असं धरून कामाला लागणारा माणूस मी पाच गॅरेजांत एकच पाहिला. डॉक्टरांकडे, बँकेत, शाळेत, सगळीकडे मला हेच आठवत राहतं हल्ली.

तो तुकडा मी मागून घेतला. घरी ठेवल्यावर टेबलावर गंजाची भुकटी सांडली आणि 'हे भंगार कशाला आणलंयस' अशी विचारणा झाली. मी कड पुढे केली, बोट फिरवायला लावलं, आणि तुमचंच वाक्य म्हटलं. त्यानंतर कान तपासायचा विषय घरात निघालेला नाही.

उजव्या बाजूचा पत्राही त्याच वयाचा आहे, उघडून बघून घेऊ, असं तुम्ही म्हणाला होता. पुढच्या महिन्यात येतो. तिकडून अजून काही ऐकू येत नाहीये, पण कॉम्प्रेसर बंद करून तुम्ही एकदा ऐका.

आपला,
मागच्या डाव्या चाकवाला