पुढच्या वर्षी अर्ज कर

बडोदे, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रिअल इस्टेट डेव्हलपमेंट शिकायला अमेरिकेत जायचंय, ही तुझी मेल आईला वाचून दाखवली. जागा कुठली घ्यायची, तिथे काय बांधायचं, हे सगळं ठरून गेल्यावर आर्किटेक्टला बोलावतात आणि तुला ठरवणाऱ्यांत बसायचंय, हे पटलं. एमआयटीने या विषयाचं केंद्र 1983 मध्ये काढलं. आमच्याकडे तेव्हा ज्याच्यापाशी पैसा आणि ओळखी तो बिल्डर. कॅश फ्लो, आयआरआर म्हणजे गुंतवणुकीवर वर्षाला किती टक्के परतावा सुटतो, कर्ज किती काढायचं आणि भागीदार किती घ्यायचे, हे रीतसर शिकायलाच हवं. फक्त अर्ज पुढच्या वर्षी कर. मधलं वर्ष जमिनीच्या कामात घाल.

परवाच वाघोडिया रोडकडच्या एका वडिलोपार्जित जमिनीचं टायटल, म्हणजे मालकी कुणाची ते, तपासलं. सातबाऱ्यावर तीन भाऊ, तिघेही बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, करायला एका पायावर तयार. जुने फेरफार काढले तर वारसाईत दोन बहिणींची नावं चढलेली, पुढे हक्क सोडल्याच्या, 'हक्क कमी'च्या नोंदीने उतरलेली. एकीची सही आहे, दुसरीची नाहीच. 2005 च्या दुरुस्तीनंतर अशा जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, तेव्हा त्या बाईंना विचारल्याशिवाय पान हलणार नाही. त्यात जमीन नव्या शरतीची, सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. म्हणजे कलेक्टरची परवानगी, प्रीमियम, आणि मग बिनखेती, आपल्याकडचं बिगरशेती.

आता हे तुझ्या एक्सेलमध्ये मांड. दहा कोटींची जमीन, बारा टक्के व्याज. दोन वर्षं अडकली की अडीच कोटी गेले, पायाचा खड्डाही न खणता. रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याखाली नोंदणी होण्याआधी बुकिंग घेता येत नाही, त्यामुळे ही झळ सगळी आपल्याच खिशाला. तिथले प्राध्यापक तुला व्याजाचं गणित उत्तम शिकवतील. दोन वर्षं धरायची की पाच महिने, हे मात्र फेरफार वाचणाऱ्यालाच कळतं.

टीपी स्कीमचं, म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून नगररचनेप्रमाणे पुन्हा वाटतात त्याचंही तेच. रस्ते, बागा, शाळा यांसाठी कपात चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते, आणि कपातीनंतर आपल्याला मिळणारा फायनल प्लॉट कुठल्या रस्त्याला लागतो त्यावर भाव ठरतो. हे अमेरिकेत का शिकवावं? त्यांचे कायदे वेगळे.

आणि आर्किटेक्टला कोण विचारतं, असं लिहिलंयस ते तितकंसं खरं नाही. रेराप्रमाणे गिऱ्हाइकांच्या पैशांतले 70 टक्के वेगळ्या खात्यात राहतात. ते काढायला इंजिनिअर आणि सीएच्या बरोबरीने आर्किटेक्टचाही दाखला लागतो.

आमच्या ओळखीतल्या एका वकीलबाईंना टायटलच्या कामाला माणूस हवाय. पगार तुझ्या अहमदाबादच्या पगारापेक्षा कमी, तलाठ्याकडे चकरा भरपूर. आई म्हणते, मी तुला अडवतोय. फीचे पैसे मी बाजूला काढलेत, हे तिला ठाऊक असूनही म्हणते! राहण्या-खाण्याच्या खर्चाला कर्ज लागेल, तो आकडा फीपासून वेगळा लिहून पाठव. बँकेत विचारून ठेवतो. बाईंना दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलंय, तोवर काय ते कळव.

तुझा,
बाबा