बारसं बाराव्या दिवशी, नोंद चौदाव्याच्या आत

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, ‘आईबाप भारतीय, मग मूल भारतीयच. इकडे आलात की बघू कागदांचं.’ पण बाळ जन्मणार जपानमध्ये; तिकडे भारतात येण्यासाठीच त्याला पासपोर्ट लागेल, आणि त्याआधी नागरिकत्वाची नोंद.

परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने नागरिकत्व मिळतं ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे. आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण बाळाच्या जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असला की पुरे. (१० डिसेंबर १९९२ च्या आधी जन्मलेल्यांसाठी फक्त वडीलच धरतात. आई, यावर तू काय म्हणशील ते मला इथूनच ऐकू येतंय.) मात्र ३ डिसेंबर २००४ पासून अट अशी की जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत व्हायला हवी. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी काढावी लागते. आणि जपान काही जन्मावर नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ही नोंद होईपर्यंत बाळ कागदोपत्री कुठलंच नाही.

आता नावाचं. इथे हॉस्पिटल ए-३ आकाराचा एकच कागद देतं. उजव्या अर्ध्या भागात डॉक्टर जन्माचा दाखला भरतात, डावा अर्धा आम्ही बाळाच्या नावासह भरायचा आणि वॉर्ड ऑफिसात द्यायचा. मुदत चौदा दिवस, जन्मदिवस धरून. बारसं बाराव्या दिवशी धरलं तर हाताशी दोनच दिवस उरतात.

त्यात आई, तू सुचवलेली नीला आणि नीरा ही दोन्ही नावं जपानी काताकाना लिपीत अगदी सारखीच लिहिली जातात, कारण त्यांच्याकडे ‘र’ आणि ‘ल’ला एकच अक्षर आहे. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करणारा त्यावरून काय वाटेल ते लिहील, आणि दूतावासात अर्जावर एक नाव, दाखल्यावर दुसरं, असं होऊन अर्ज परत येईल. उपाय साधा आहे: फॉर्मवर काताकानाच्या खाली रोमन अक्षरांत नाव लिहायचं, आणि आम्हा दोघांची नावंही पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगने. दाखल्यावर सालसुद्धा जपानी असतं, रेइवा ८ म्हणजे २०२६. भाषांतरात तेही तपासायचं. दाखल्याच्या दोन-तीन प्रती घेऊन ठेवू, एकीला ३५० येन पडतात.

जन्मापासून तीस दिवसांत बाळाच्या व्हिसाचा अर्ज इमिग्रेशनमध्ये करायचा. पासपोर्ट हातात नसला तरी तो घेतात, म्हणून त्यासाठी अडून राहायचं नाही.

दूतावासाचं काम दोन टप्प्यांचं. आधी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जन्मनोंदणीचा अर्ज भरायचा, छापून दोघांनी सही करायची. सोबत दोघांचे पासपोर्ट, रेसिडेन्स कार्डं, जन्माचा दाखला भाषांतरासह, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांचं लेखी निवेदन. पासपोर्टचा अर्ज वेगळा. त्यावर सहीच्या जागी अंगठा: मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. बाळ गाढ झोपलं की मूठ सैल सुटते, ठसा तेव्हा घ्यायचा. फोटोला मात्र डोळे उघडे हवेत, आणि मान धरणारा हात दिसता कामा नये.

बाबा, शेजारच्या काकांनी सांगितलेलं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हे नावात ‘सिटिझन’ असलं तरी नागरिकत्व नव्हे. ते परदेशी पासपोर्ट असलेल्यांसाठी. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. आपल्याला त्या वाटेला जायचंच नाही.

तुमच्याकडून एकच कागद हवा आहे: आमच्या विवाहनोंदणीचा मूळ दाखला. निखिलच्या पासपोर्टवर पत्नी म्हणून माझं माहेरचं नाव आहे, माझ्या पासपोर्टवर सासरचं. खिडकीपलीकडच्या माणसाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. त्या एकच आहेत हे सांगणारा कागद तो दाखलाच. लोखंडी कपाटात, विम्याच्या फाइलमध्ये असेल. लॅमिनेट करू नका, त्यावर पुढे अपोस्टिलचा (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारतात तो) शिक्का मारायची वेळ आली तर अडचण होते. स्पीड पोस्टाने पाठवा, आणि आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो.

आणि आई, ‘र’ आणि ‘ल’ टाळून नावं सुचव. मुलाचीही.

तुमची,
मनू