ज्यांनी मला जेट ली यांचे चित्रपट पाहायला शिकवले, त्या माझ्या प्रशिक्षकांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र मी तुम्हाला पाकिटात घालूनही पाठवू शकले असते. तरीही ते सर्वांसमोर लिहीत आहे, कारण वूशू ही चिनी युद्धकला शिकायला येणारी बरीचशी मुले आजही पडद्यावरची एखादी लाथ पाहूनच येतात आणि तो पडदा नीट कसा पाहावा हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही. मला ते तुम्ही सांगितलेत, आणि तेही मला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते अशा काळात. त्या नऊ महिन्यांबद्दल मी आजवर तुमचे आभार शब्दांत मानलेले नाहीत.

शुआनफेंगज्याओ या हवेत फिरून मारायच्या लाथेची गिरकी घेऊन उतरताना माझा गुडघा वळला आणि अस्थिबंध तुटला, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. चित्रपटांत लढतींचे काम करायचे हे एकच स्वप्न होते आणि त्या स्वप्नाला जेट ली या चिनी वूशूपटू-अभिनेत्याचा चेहरा होता. त्यांची पदके, त्यांच्या चित्रपटांची साले, कोणत्या चित्रपटात कोणते शस्त्र, हे सगळे मला तोंडपाठ होते. शस्त्रक्रियेनंतर मी त्या चेहऱ्याकडे पाहणेच सोडून दिले, कारण त्यांच्या प्रत्येक उडीत मला माझा गुडघा दिसायचा. तुम्ही भेटायला आलात तेव्हा सोबत लॅपटॉप आणि एक जाड वही होती. वहीच्या पानांवर तुम्ही आधीच रकाने आखून आणले होते: शॉटचा क्रमांक, चेहरा दिसतो की नाही, पाय जमिनीला टेकलेले आहेत की नाहीत, आणि कट होण्यापूर्वी एकूण किती हालचाली. धीराचे दोन शब्द बोलण्याऐवजी तुम्ही मला काम दिलेत. त्या दिवशी त्याचा मला राग आला होता, हेही आज प्रांजळपणे लिहिते.

सुरुवात तुम्ही १९८२ च्या ‘शाओलिन टेंपल’पासून केलीत, पण तो लावण्याआधी अर्धा तास बीजिंगबद्दल बोललात. ली लियानज्ये, म्हणजेच पुढचे जेट ली, हा १९६३ साली जन्मलेला मुलगा, पाच भावंडांत धाकटा, दोन वर्षांचा असताना वडील गेलेले. १९७१ च्या उन्हाळी सुट्टीत आठव्या वर्षी तो क्रीडाशाळेच्या वूशू वर्गात जाऊ लागला, आणि तो वर्ग त्याने स्वतः निवडलेला नव्हता, यावर तुमचा भर होता. पुढे प्रशिक्षक वू बिन यांना जाणवले की या मुलाच्या हालचाली चपळ आहेत, पण त्यांत जोर नाही. आणि त्याचे कारण तंत्रात नसून ताटात आहे हे ओळखून त्यांनी त्याच्या घरी मांस पोहोचवले. १९७४ मध्ये अकरा वर्षांच्या या मुलाने व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर प्रात्यक्षिक केले, ही कथा सगळेच सांगतात. तुम्ही ती एका वाक्यात संपवलीत आणि वू बिन यांच्या त्या गृहभेटीवर मात्र बराच वेळ बोललात. १९७५ ते १९७९ अशी सलग पाच वर्षे मिळालेली राष्ट्रीय सर्वांगीण अजिंक्यपदे, त्या पाच वर्षांच्या आधीची भूक भागवणाऱ्या माणसाशिवाय समजत नाहीत, असे तुमचे म्हणणे होते. तुम्ही हे सांगत असताना माझ्या आईने तुमच्यासमोर चहा ठेवला होता आणि तो थंड होऊन गेला, एवढे तुम्ही त्यात रंगला होतात.

मग चित्रपट लागला. प्रत्यक्ष शाओलिनच्या परिसरात चित्रित झालेल्या या चित्रपटात गुरूची भूमिका करणारे यू हाय आणि खलनायक झालेले यू चंगह्वी हे दोघेही मुळात वूशूचे जाणकार. त्यामुळे कॅमेऱ्याला लपवण्यासारखे फार काही नव्हते. शॉट लांब आहेत, माणूस नखशिखांत दिसतो, आणि ऋतू बदलत जातात तसतशी शस्त्रे बदलत जाणाऱ्या त्या सरावाच्या दृश्यात एकोणिसाव्या वर्षाच्या आसपासचा तो मुलगा आपण स्पर्धेत करतो तेच ताओलू, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, करताना दिसतो. मी मोजू लागले. एका कटपूर्वी हालचालींची संख्या कधी कधी इतकी वाढत असे की मला मागे जाऊन पुन्हा मोजावे लागे. पूबूमध्ये, म्हणजे एक पाय बाजूला पसरून दुसऱ्यावर बसायच्या पवित्र्यात, खाली बसून उठताना त्याची पाठ सरळ राहते हे मी शंभर वेळा पाहिले असूनही मला दिसले नव्हते; ते रकान्यात लिहावे लागले तेव्हा दिसले.

माझे आयुष्य ज्या संध्याकाळी वळले, ती १९९१ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’ची. दिग्दर्शक त्सुई हार्क यांच्या या चित्रपटाने जेट ली यांना चिनी लोकनायक वाँग फेई-हुंग ही भूमिका दिली आणि शेवटची शिड्यांवरची लढत कुंग फू चित्रपटांच्या रसिकांच्या मनात कायमची बसली. माझीही ती सर्वांत आवडती. तुम्ही ती शॉटगणिक थांबवत गेलात आणि ‘चेहरा दिसतो की नाही’ हा रकाना भरायला लावलात. पान संपेपर्यंत ‘नाही’ची संख्या पाहून मी गप्प झाले. तेव्हा तुम्ही सांगितलेत की चित्रीकरणादरम्यान ली यांचा पाय जायबंदी झाला होता आणि त्या शिड्यांवर पाठमोरा दिसणारा माणूस अनेकदा दुसराच आहे. त्याचे नाव श्योंग शिनशिन. तोही वूशूपटू, तोही तितक्याच उंचीवरून पडणारा. दोन वर्षांनी आलेल्या तिसऱ्या भागात हाच माणूस लाथांच्या वेगासाठी ओळखल्या जाणाऱ्या क्लबफूटच्या भूमिकेत स्वतःच्या चेहऱ्यानिशी पडद्यावर आला.

मला आधी फसवणूक झाल्यासारखे वाटले, आणि ते मी तुम्हाला बोलूनही दाखवले. तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही विचारलेत की ती लढत ज्याने बांधली, ज्याने शिडी धरली, ज्याने पडण्याची जागा मऊ केली आणि जो पाठमोरा उडाला, त्यांतल्या कोणाला काढले तर ती लढत उरेल. मग म्हणालात, “तुझा गुडघा तुला नायिका होऊ देणार नाही कदाचित, पण या यादीतल्या बाकीच्या जागा अजून मोकळ्या आहेत.” एवढ्या स्पष्टपणे माझ्याशी त्या महिन्यांत दुसरे कोणीही बोलले नव्हते. बाकी सगळे जण ‘होईल बरे’ म्हणत होते. तुमच्या त्या वाक्यात ‘कदाचित’ होते, आणि ते खरे होते, म्हणूनच मला त्याचा आधार वाटला.

याच मालिकेच्या दुसऱ्या भागातली अभिनेते डॉनी येन यांची ओल्या कापडाची काठी आपण पाहिली, युएन वू-पिंग यांची लढत-रचना पाहिली, आणि १९९८ च्या ‘लीथल वेपन ४’पासून सुरू झालेला हॉलीवुडचा टप्पा मात्र भराभर मागे टाकला. त्या चित्रपटांत कलाकाराला हवेत उचलणाऱ्या तारा आणि संगणकाची करामत अधिक, आणि इतक्या वर्षांची साधना असलेल्या माणसाच्या शरीराला तिथे हवा तेवढा वेळ मिळाला नाही, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. तुम्हाला ते पटत नव्हते. ‘लीथल वेपन ४’मध्ये प्रथमच खलनायक साकारण्याचे धाडस, आणि परक्या भाषेत, परक्या संचात नव्याने सुरुवात करणे, याला तुम्ही मान देत होता. या बाबतीत आपले एकमत अजून व्हायचे आहे.

‘हीरो’ मात्र तुम्ही मुद्दाम राखून ठेवला होता. दिग्दर्शक झांग यीमोऊ यांच्या २००२ च्या या चित्रपटात जेट ली आणि डॉनी येन बुद्धिबळाच्या पटांच्या त्या अंगणात, पाऊस पडत असताना, डोळे मिटून समोरासमोर स्तब्ध उभे राहतात; एक वृद्ध वादक तारा छेडत असतो आणि तलवार व भाला यांची लढत त्या दोघांच्या मनात घडते. मी सहा आठवडे जवळजवळ आडवी होते. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला रोज एकदा डोळे मिटून चांगछ्वान या वूशू शैलीचा संपूर्ण ताओलू मनात करायला सांगितलेत, तोही खऱ्या वेळेत, एकही पाऊल न गाळता, आणि जिथे मन अडखळेल तिथे थांबून पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी त्याच गिरकीपाशी अडत असे, कारण उतरण्याची भीती मनातही तशीच होती. ज्या दिवशी मनातल्या मनात मी नीट उतरले, त्या दिवशी फोनवर मला रडू आवरेना आणि तुम्ही शांतपणे विचारलेत, “गुडघा बोटांच्या दिशेत होता ना?” भौतिकोपचार सुरू झाले तेव्हा मला ताओलूतले एकही पाऊल पुन्हा आठवावे लागले नाही.

आपण पाहिलेल्या चित्रपटांतली एक जोडी मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही दाखवते. १९९४ च्या ‘फिस्ट ऑफ लेजंड’मध्ये जेट ली चेन झेन झाले, म्हणजे वूशूचे प्रसिद्ध गुरू हुओ युआनज्या यांचा शिष्य, आणि बारा वर्षांनी, २००६ च्या ‘फिअरलेस’मध्ये ते स्वतः हुओ युआनज्या झाले. पहिल्या चित्रपटातला शिष्य जपानी गुरू फुनाकोशी यांच्याशी लढताना समोरच्याकडून शिकत जातो, मुष्टियुद्धाची पावले आपल्या शैलीत घेतो, वारा धूळ उडवू लागतो तेव्हा दोघेही डोळ्यांवर पट्टी बांधून बरोबरीने लढतात. दुसऱ्यातला गुरू आधी जिंकण्याच्या हव्यासापायी आपले घर गमावतो आणि मग खेड्यात भाताची रोपे लावायला शिकतो. त्या वेळी ली यांनी वूशूवर आधारलेला हा आपला अखेरचा भव्य चित्रपट असल्याचे जाहीर केले होते. शिष्याची भूमिका करणारे शरीर आणि गुरूची भूमिका करणारे शरीर तुम्ही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावलेत, तेव्हा दुसऱ्यातल्या हालचालींत काय कमी झाले यापेक्षा पावलांमधला थांबा किती वाढला, हे मोजायला सांगितलेत. शिकवण्याच्या कामाकडे मी पराभव म्हणून पाहत होते. ती नजर त्या पानावर बदलली.

२००४ च्या डिसेंबरमध्ये मालदीवला जेट ली मुलींसह त्सुनामीच्या लाटेत सापडले, त्यातून २००७ मध्ये दरमहा प्रत्येकी एक युआन देणगीच्या कल्पनेवर त्यांची वन फाउंडेशन ही सेवाभावी संस्था उभी राहिली, २०१३ मध्ये त्यांनी अवटु (थायरॉइड) ग्रंथीच्या आजाराबद्दल उघडपणे सांगितले, हे सगळे मी नंतर वाचले. २०१८ मध्ये त्यांचे थकलेल्या अवस्थेतले एक छायाचित्र जगभर फिरले आणि आम्ही जुने विद्यार्थी हळहळत राहिलो, तेव्हा तुम्ही आमच्या गटावर ‘शाओलिन टेंपल’मधले ते ऋतूंचे दृश्य पाठवलेत आणि खाली एवढेच लिहिलेत: “यात पूबू किती वेळा येतो, मोजा.” आम्ही सगळ्यांनी मोजले. आकडे जुळले नाहीत आणि रात्री उशिरापर्यंत वाद चालला.

शेवटचा चित्रपट होता २०१० चा ‘ओशन हेवन’. यात एकही लढत नाही, त्यामुळे वहीतले सगळे रकाने रिकामे राहिले. कर्करोगाने ग्रासलेला, मत्स्यालयात काम करणारा एक बाप, आपल्यामागे स्वमग्न मुलाचे काय होईल या चिंतेने, त्याला बसमधून योग्य ठिकाणी उतरणे, फरशी पुसणे अशी रोजची कामे एकेक करून शिकवतो. तीच कृती पुन्हा, पुन्हा, आवाज न चढवता. जेट ली यांचे खांदे या चित्रपटात पडलेले आहेत. पाच वर्षे देशात अजिंक्य राहिलेल्या माणसाने स्वतःच्या शरीरातला सगळा रुबाब काढून ठेवला आहे. माझ्या दृष्टीने ही त्यांची सर्वांत अवघड कामगिरी आहे. चित्रपट संपल्यावर तुम्ही काहीही बोलला नाहीत, लॅपटॉप मिटलात आणि मला भिंतीला टेकून माबूमध्ये, म्हणजे गुडघे वाकवून घोड्यावर बसल्यासारख्या पवित्र्यात, उभे राहायला सांगितलेत. मी अकरा सेकंद टिकले. तुम्ही तो आकडा त्या रिकाम्या पानावर लिहिलात.

आज मी लहान मुलांना वूशू शिकवते आणि लढतींच्या दृश्यांसाठी रचना बांधते. कलाकाराच्या जागी जो किंवा जी उडी घेणार असते, तिच्या उतरण्याची जागा मी स्वतः हाताने दाबून पाहिल्याशिवाय कॅमेरा सुरू होऊ देत नाही, आणि तिचे नाव श्रेयनामावलीत लिहिले जाईल याची खात्री करून घेते. नवीन मूल आले आणि त्याच्या हालचालींत जोर दिसला नाही, तर मी आधी त्याच्या घरी जाते.

सर, तुमची ती वही अजून माझ्याकडे आहे. शेवटची चाळीस पाने कोरी होती. ती मी गेल्या काही वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांच्या माबूच्या सेकंदांनी भरली आहेत. येत्या महिन्यात ती घेऊन तुमच्याकडे येते. पूबूचा तो आकडा या वेळी तुमच्यासमोर बसून पुन्हा मोजू.

आपली विद्यार्थिनी