मैदान कुणाचं, दुरुस्ती कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मैदानं, क्रीडासंकुलं आणि त्यांवर होणारा सरकारी खर्च हा विषय आपल्याकडे अधूनमधून निघतोच. मी मूळचा सांगलीचा, पण गेली कित्येक वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकी शहराला लागून असलेल्या वॉकेशा काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) राहतो. इथल्या बेसबॉल संघाचा, ब्रूअर्सचा, मी चाहता आहे. या संघापायी इथल्या राज्याच्या राजकारणात जे घडलं, ते आपल्या वाचकांच्याही उपयोगाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

मी शिकायला इथे आलो तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये घरमालकांनी टीव्हीसमोर बसवलं आणि खेळ समजावून सांगितला. कॅलिफोर्निया एंजल्सविरुद्धचा निर्णायक सामना, सातवी इनिंग, ब्रूअर्स एका धावेने मागे, तिन्ही बेसवर, म्हणजे धाव पुरी करताना गाठायच्या थांब्यांवर, आपली माणसं आणि दोघे बाद. सेसिल कूपरने डाव्या बाजूला चेंडू मारला आणि पहिल्या बेसकडे धावता धावता दोन्ही हात खाली दाबत तो चेंडूलाच ‘पड, पड’ म्हणून विनवू लागला. चेंडू पडला, दोन धावा झाल्या, आणि सामना ४-३ असा जिंकला. पुढे वर्ल्ड सीरिजमध्ये सेंट लुईसने सातव्या सामन्यात हरवलं, पण इथल्या माणसांच्या बोलण्यात आजही कूपरचे ते हात येतात. त्या संध्याकाळी मी मिलवॉकीकर झालो.

१९८७ च्या ईस्टरच्या रविवारची आठवणही तशीच. संघ मोसमातले पहिले अकरा सामने सलग जिंकला होता आणि बाराव्यात शेवटच्या इनिंगपर्यंत टेक्सासविरुद्ध ४-१ असा मागे होता. आधी रॉब डीअरने होमरन (आपल्या षटकारासारखा थेट मैदानाबाहेरचा फटका) मारून बरोबरी साधली, मग डेल स्वेमने आणखी एक मारून सामनाच संपवला. त्या काळात ब्रूअर्स म्हणजे रेडिओवर बॉब युकर यांचा आवाज. गाडीत, गॅरेजमध्ये, शेजाऱ्याच्या अंगणात तोच. ‘गेट अप, गेट अप, गेट आउटा हिअर, गॉन!’ हे ऐकलं की होमरन झाली. जानेवारी २०२५ मध्ये ते नव्वदाव्या वर्षी गेले, तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखं वाटलं.

या प्रेमाच्या तळाशी एक जुनी भीती आहे, आणि राजकारणाची मुळं तिथे आहेत. आमच्या घरमालकांना बेसबॉलचं नाव काढलं की आधी ब्रेव्ह्ज आठवायचे. १९५३ साली बोस्टनहून मिलवॉकीला आलेला तो संघ हँक आरन या फलंदाजाच्या जोरावर १९५७ ची वर्ल्ड सीरिज जिंकला. लोकांनी मैदान भरभरून प्रेम केलं. पुढे मालक बदलले आणि १९६५ चा मोसम संपल्यावर संघ अटलांटाला गेला. विस्कॉन्सिन राज्य सरकार थेट कोर्टात गेलं, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल संघाच्या बाजूने लागला. मोटारींचे विक्रेते बड सीलिग यांनी सिॲटलचा दिवाळखोरीत निघालेला संघ १९७० साली मोसम सुरू होण्याच्या तोंडावर विकत घेऊन मिलवॉकीला आणला. तेच आमचे ब्रूअर्स. एकदा संघ गेलेल्या गावाला ‘पुन्हा जाईल हं’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

१९९५ साली नेमकं तेच म्हटलं गेलं. जुन्या काउंटी स्टेडियमवर भागत नाही, नवं हवं. त्यासाठी क्रीडा लॉटरी सुरू करायची का, असं एप्रिलमध्ये राज्यभरातल्या मतदारांना विचारलं गेलं, आणि लोकांनी मोठ्या फरकाने ‘नको’ म्हणून सांगितलं. मग गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे राज्याचे निवडून आलेले प्रमुख) टॉमी थॉम्पसन यांच्या पुढाकाराने पाच काउंट्यांत ०.१ टक्का विक्रीकर लावायचा प्रस्ताव आला, म्हणजे दहा डॉलरच्या खरेदीवर एक सेंट. रॅसीन काउंटी त्यात होती. राज्याच्या सिनेटमधले, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहातले, तिथले सदस्य जॉर्ज पेटॅक यांनी आपण विरोधात मत देणार असं लोकांना सांगितलं होतं. राज्याच्या राजधानीत, मॅडिसनला, रात्रभर खल चालला, पहाटे पेटॅक यांनी मत बदललं आणि विधेयक १६ विरुद्ध १५ असं मंजूर झालं.

रॅसीनच्या मतदारांनी सह्या गोळा करून त्यांना परत बोलावण्याची निवडणूक घ्यायला लावली. जून १९९६ मध्ये पेटॅक हरले. विस्कॉन्सिनमध्ये अशा रीतीने पद गमावलेले ते पहिलेच आमदार. त्यांची जागा किंबर्ली प्लाशे यांना मिळाली आणि सिनेटमधलं बहुमत रिपब्लिकनांकडून डेमोक्रॅट्सकडे गेलं. एका मैदानापायी सभागृहाचा ताबा बदलला! पेटॅक यांच्या मतामुळे संघ इथे टिकला असं म्हणणारे माझे मित्र आहेत, आणि ते चूक नाहीत. तरीही रॅसीनकरांचा राग मला रास्त वाटतो. मत बदलायचंच होतं तर आधी घरी जाऊन लोकांना सांगायला हवं होतं.

मैदान बांधताना १४ जुलै १९९९ ला छताचा प्रचंड तुकडा उचलणारी ‘बिग ब्लू’ क्रेन वाऱ्यात कोसळली आणि तीन लोखंडकाम करणारे कामगार मृत्युमुखी पडले. मैदानाबाहेर त्यांचं स्मारक आहे. सामन्याला जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे घटकाभर थांबावं. उद्घाटन एक वर्ष पुढे जाऊन २००१ साली झालं.

आमच्या पाच काउंट्यांनी तो एक-एक सेंट १९९६ पासून २०२० पर्यंत भरला आणि त्यातून साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. मी ती खुशीने भरली. एप्रिलमधल्या मिलवॉकीच्या थंडीत सरकत्या छताखाली मुलांना घेऊन बसणं हे सुख आहे, ते फुकट मिळावं असं मला कधी वाटलं नाही.

माझा आक्षेप करारातल्या कलमांना आहे. मैदान सार्वजनिक मंडळाच्या मालकीचं, संघ भाडेकरू. छत, यंत्रं, आसनं जुनी झाली की मोठ्या दुरुस्तीचा भार मात्र मंडळावर, म्हणजे आमच्यावर. कर थांबला, शिल्लक आटत चालली, आणि २०३० ला भाडेकरार संपणार म्हणताच ‘संघ जाईल’ ही कुजबुज पुन्हा सुरू झाली. डिसेंबर २०२३ मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी नव्या कायद्यावर सही केली. राज्याकडून ३६ कोटी ५८ लाख डॉलर, शहर आणि काउंटी मिळून साडेतेरा कोटी, संघाकडून सुमारे ११ कोटी, आणि बदल्यात संघ २०५० पर्यंत इथे राहणार. दोन्ही पक्षांचे आमदार दोन्ही बाजूंना होते, हे मला चांगलं वाटलं. १९९५ पेक्षा ही चर्चा उघड झाली हेही खरं. पण दुरुस्तीचं ते कलम मूळ करार होताना किती जणांनी वाचलं होतं? आम्ही सगळे छत सरकतं की नाही यावरच बोलत होतो.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. ब्रेबॉर्नवरच्या तिकिटांच्या वादातून वानखेडे स्टेडियम उभं राहिलं, ते उभारणारे शेषराव वानखेडे हे त्याच काळात विधानसभेचे अध्यक्ष होते. मैदानाची जमीन राज्य सरकारची, पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली, आणि तो पट्टा २०१८ साली संपला. १९७५ मध्ये तिथे झालेल्या पहिल्यावहिल्या कसोटीतलं क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक आजही घरोघरी आठवतं. त्या पट्ट्याच्या अटी किती घरांत ठाऊक आहेत?

म्हणून आपल्याला एक विनंती. यापुढे महाराष्ट्रात कुठल्याही मैदानाला सरकारी जमीन किंवा पैसा द्यायचा प्रस्ताव आला, तर भूमिपूजनाच्या फोटोशेजारी चार गोष्टी ठळक छापाव्यात: मालकी कुणाची, भाडं किती, मुदत किती वर्षांची आणि मोठी दुरुस्ती कुणाच्या खर्चाने. आणि त्या भागातल्या आमदाराने त्यावर काय मत दिलं, तेही नावानिशी.

कळावे,
आपला एक वाचक,
वॉकेशा, विस्कॉन्सिन